माझ्या मेसच्या खिडकीतला दाढीवाला

हिंगणघाटात स्टँडच्या मागच्या गल्लीत माझी मेस आहे. पाटी नाही. ज्याच्या वरणाला चव नसते त्याला पाटी लागते, असं मी म्हणते आणि गिऱ्हाइकं मुकाट ऐकून घेतात, कारण पोळ्यांचा डबा माझ्याच हातात असतो. आमच्या ह्यांची मिल बंद पडली तेव्हा घर चालवायला मी हे सुरू केलं. त्यावरच पोराला इंजिनिअर केलं, त्यावरच आज आमच्या दोघांचं पोट आहे. माझ्या वरणात केस निघाला असं आजवर कोणी म्हणालेलं नाही. म्हणून तरी पाहावं कोणी!

तर अशा माझ्या मेसमध्ये होळीच्या सुट्टीत पोरगा पुण्याहून एक झाकणाची टोपली घेऊन आला. मला वाटलं, बाकरवडी असेल. एवढी मोठी टोपली भरून बाकरवडी म्हणजे पोराला पगारवाढ झाली, असाही हिशेब माझ्या मनात होऊन गेला. मी झाकण उघडलं.

आत एक सरडा बसला होता. आपल्या कुंपणावर पळतो तसला नाही. हातभर लांब, अंगाला दोन्ही बाजूंनी काटे, गळ्याखाली दाढीसारखी खरखरीत झालर. जागचा हलला नाही. नुसता माझ्याकडे एक डोळा करून बघत राहिला.

"अगाई! हे काय आनलं बे तू?"

"आई, ओरडू नको. तो घाबरते."

"तो घाबरते? आन् मी काय इथं नाचून राह्यली?"

मग सगळं बाहेर आलं. हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पण जन्म पिंजऱ्यातलाच. पोरानं तो रीतसर घेतलेला, वनखात्याकडे नोंद केलेली. आता कंपनी त्याला सहा महिने जर्मनीला पाठवत होती, आणि घरमालकानं तर सरडा पाहूनच खोली खाली करायला सांगितलं होतं. उरलं कोण? आई.

"सहा महिने ठेव आई. फक्त सहा महिने."

"अरे बाप्पा, लेकरू आनलं असतं तं सांभाळलं असतं मी. लग्न करतो, नातू आनतो, ते सोडून तू सरडा आनला!"

पण आईला नाही म्हणायला जमतं का? दोन दिवस त्यानं मला सगळं शिकवलं. मेथी, शेवग्याचा पाला, कोहळ्याच्या बारीक फोडी, जास्वंदीचं फूल. अधूनमधून नाकतोडे. "त्याले गरमी पायजे," असं त्यानं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मंग एकदम बरोबर गावाले आनला. आणि त्याला हात लावला की लगेच साबणानं हात धुवायचे, हे तर त्यानं इतक्यांदा सांगितलं की माझं डोकं सटकलं. "मेस चालवून राह्यली मी," म्हटलं, "मले हात धुवाले नको शिकवू."

काचेची मोठी पेटी ठेवली बाहेरच्या खोलीत, खिडकीशी. घरात ऊन येतं ती तेवढीच जागा, आणि गिऱ्हाइकं जेवायला बसतात तीही तीच खोली. स्वयंपाकघर मागे आहे, मध्ये दार आहे, आणि त्या दाराच्या आत त्यानं कधी पाय ठेवला नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते. पोरानं त्याला कसलंसं इंग्रजी नाव दिलं होतं. ते माझ्या जिभेवर काही बसेना. दाढी पाहून मी त्याला बुढा म्हणायला लागले.

बुढा स्वभावानं गरीब निघाला. सकाळी उन्हात चपटा होऊन पडायचा, कोहळं खायचा, पुन्हा पडायचा. आमचे हे मिल सुटल्यापासून घरात असेच राहतात, त्यामुळे मला काही नवं वाटलं नाही. उलट ह्यांनाच काम मिळालं. रोज संध्याकाळी जुनं मच्छरदाणीचं कापड घेऊन, फवारणी न होणाऱ्या एका ओळखीच्या वावरात, साठीचा माणूस नाकतोड्यांच्या मागे उड्या मारायचा. दोन आठवड्यांत ह्यांचं पोट आत गेलं.

गिऱ्हाइकांचं म्हणाल तर कॉलेजच्या पोट्ट्यांना मजा वाटली. बुढा कधीकधी उजवा हात उचलायचा, सावकाश हवेत गोल फिरवायचा आणि खाली ठेवायचा. "काकू, टाटा करून राह्यला," म्हणून पोट्टे उलटा टाटा करायचे. पहिल्या आठवड्यात त्यानं मलाही केला होता, मीही परत केला होता. फक्त बँकेतले एक साहेब, नाशिककडचे, इकडे बदली होऊन एकटे राहतात, ते पहिल्याच दिवशी ताट उचलून दाराजवळच्या बाकावर गेले. तिथून पळायला सोपं पडतं म्हणाले.

माझ्याकडे जेवणाऱ्यांत एक पत्रकार पोट्टाही होता. पत्रकार म्हणजे स्वतःचं यूट्यूब चॅनल, मोबाइल, आणि माइकला अडकवलेला एक मोठा चौकोनी डबा. दोन्ही वेळ माझ्याकडेच जेवायचा. एक दिवस जेवून, हात पुसून, त्यानं बुढ्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. जनावराचं नाव काय म्हणून विचारलं. मी पोराला फोन लावून दिला. पोरानं इंग्रजी नाव सांगितलं, त्यात शेवटी ड्रॅगन असा शब्द होता. झालं की कल्याण!

संध्याकाळी सिंदी गावाला दिलेल्या माझ्या बहिणीचा फोन आला.

"काऊन वो, तुह्या घरी मगर हाय म्हनते?"

मी व्हिडिओ पाहिला. आधी ढोल वाजले. मग कुठल्याशा परदेशी सिनेमातला आग ओकणारा प्राणी आला. त्यानंतर माझी खिडकी, तिच्याभोवती लाल गोल, आणि आमच्याच पोट्ट्याचा आवाज: सावधान हिंगणघाट! जेवणाच्या ताटाशेजारी जिवंत ड्रॅगन? वणा नदीतून आलं मगरीचं पिल्लू? विषारी श्वासानं अन्नात विष? प्रत्येक वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, म्हणजे उद्या कोणी धरलं तर म्हणायला मोकळा, मी तर फक्त विचारून राह्यलो. आणि हे सगळं माझंच आलू-वांगं पोटात घालून! पोट कसं नाही दुखलं मेल्याचं?

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी सगळ्यांची कणीक भिजवली. वरण केलं, वरून सांबार चिरून टाकला, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बारा वाजले, एक वाजला. कोणी आलं नाही. दोन वाजता एका कॉलेजच्या पोट्ट्यानं फोन केला. बिचारा चाचरत बोलत होता. त्याच्या आईनं समुद्रपूरहून शपथ घातली होती म्हणे. सरडा दुरून रक्त पितो, त्याची नजर अन्नावर पडली तर ते जहर होतं, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. दुसऱ्यानं सांगितलं, अंगावर कोड फुटते. तिसऱ्यानं काहीच सांगितलं नाही, तो सरळ पलीकडच्या गल्लीतल्या मेसमध्ये गेला.

त्या मेसमध्ये ट्यूबलाइटच्या मागून पाली लोंबतात! मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत, ताटाच्या बरोब्बर वर. पण त्या पाली आपल्या हिंगणघाटच्या, घरच्या. त्यांचा कोणी व्हिडिओ काढत नाही. आणि साऱ्या बोंबाबोंबीत खरी सांगण्यासारखी गोष्ट एकच होती, की असलं जनावर हाताळलं तर हात साबणानं धुवा. ती मात्र कोणीच सांगितली नाही.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात बसून रडले. भरलेलं पातेलं तसंच समोर. इतकी वर्षं लोक माझ्याकडे डोळे मिटून जेवले, आणि एका व्हिडिओवर माझ्या हातच्या अन्नाला विष म्हणाले. मेस गेली तर आमचं काय, हा घोर होताच, पण त्याहून हे लागलं.

"नागपूरले पोराच्या दोस्ताकडं ठेवून देऊ नं याले," हे म्हणाले. "चार दिवसांत लोक इसरून जाईन."

"बिलकुल नाई," मी म्हटलं. "आज याले हलवला का उद्या गाव म्हनते, पाहा, होतंच काहीतरी. माह्या जेवनात काही नाई, तं तो काऊन जाईन?"

मग वनखात्याची दोन माणसं आली. कोणीतरी कळवलं होतं की घरात घोरपड आहे. घोरपड असती तर खरंच पंचाईत होती, ती घरात ठेवणं गुन्हा आहे. त्यांनी बुढ्याला नीट पाहिलं, पोराच्या नोंदणीचा कागद पाहिला, सगळं बरोबर आहे म्हणाले, फोटो काढले. माणसं भली होती. मी विचारलं, पानी आनू का? तर दोघं एकदम म्हणाले, नको नको. कागद बरोबर होता, पण पाण्याचा त्यांना भरवसा नव्हता.

बरं, हे तरी त्या पत्रकार पोट्ट्यानं दाखवावं की नाही? नाही दाखवलं.

असे कितीक दिवस गेले. मी दोन माणसांचा स्वयंपाक करायला शिकत होते आणि तो रोज जास्तच होत होता. अशात गल्लीच्या टोकाची एक म्हातारी मावशी काठी घेऊन भांडायला आली. आमची गल्ली बदनाम केली, वगैरे. काठी वर करून ती तरातरा खिडकीशी गेली. बुढ्यानं तिच्याकडे पाहिलं, उजवा हात उचलला, सावकाश हवेत फिरवला आणि खाली ठेवला.

मावशीची काठी खाली पडली. दोन्ही हात जोडले गेले.

"मायबाई! आशीर्वाद देल्ला!"

मी म्हटलं, मावशी, तो सगळ्यायलेच करते. ती म्हणाली, मंग देव का एकट्या माह्याच हाय? दुसऱ्या दिवशी ती चार बायका घेऊन आली. बुढ्यानं चौघींनाही हात केला. गुरुवारी नारळ आला. शनिवारी तो पत्रकार पोट्टा आला, दारातूनच व्हिडिओ काढून पळाला. नवा व्हिडिओ: हिंगणघाटात अवतार? हात उचलून भक्तांना आशीर्वाद? विज्ञानही थक्क? ढोलाच्या जागी शंख होता, आणि माझ्या त्याच खिडकीभोवती लाल गोलाऐवजी सोनेरी किरणं.

बाप्पा रे, काय ती गर्दी! हायवेवरच्या जाम गावच्या चौकातून माणसं वाट वाकडी करून यायला लागली. दर्शन झालं की जेवायला बसायची, कारण इथलं जेवण आता प्रसाद होता. कालपर्यंत विष होतं. तेच पातेलं, तीच मी. आमच्या ह्यांना पोळ्या वाढायला दोन हात कमी पडायला लागले. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. चूल पुन्हा दिवसभर पेटलेली होती.

पण एक गोष्ट मला खुपायला लागली. कोणी जेवणाकडे बघतच नव्हतं. एक दिवस गडबडीत वांग्याची भाजी खाली लागली. एरवी असं झालं असतं तर कॉलेजच्या पोट्ट्यांनी मला आठवडाभर चिडवलं असतं. ही माणसं मिटल्या डोळ्यांनी खाऊन गेली. एका बाईनं तर पातेल्याची करपलेली खरवड मागून घेतली, आजारी सासऱ्याच्या कपाळाला लावायची म्हणून. मी दिली. देताना स्वतःचीच लाज वाटली.

आणि बुढा खाईना. काचेवर हळद, कुंकू, समोर दुधाची वाटी. तो काही दूध पीत नाही, खरं तर नागही पीत नाही, पण सांगता कोणाला? त्याची दाढी काळीकुट्ट झाली. कोहळ्याला तोंड लावेना. नुसता खिडकीत बसून प्रत्येक येणाऱ्याला हात करायचा. हात करून करून थकल्यासारखा वाटायचा, तरी करायचा. मी पोराला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल पेटीसमोर धरला.

"आई, हात किती वेळ करून राह्यला तो?"

"दिवसभर. येईन त्याले आशीर्वाद देते."

पोरानं मोबाइल काचेजवळ धरायला लावला. मग म्हणाला, "आशीर्वाद नाई तो, आई. त्यायच्यात लहान जनावर मोठ्याले पाहून तसा हात करते. म्हनते, मी लहान हाय, मले मारू नोको."

मी मोबाइल खाली ठेवून बुढ्याकडे पाहिलं. एवढंसं ते जनावर दिवसभर हात वर करून गावाला विनवत होतं, आणि गाव त्याच्या पाया पडत होतं. मावशीच्या काठीसमोर त्यानं काय म्हटलं असेल! मला पहिल्या आठवड्यात काय म्हटलं असेल, आणि मी हसून टाटा केला होता.

त्याच संध्याकाळी पेटी बाजूच्या आतल्या खोलीत नेली, तिथं ऊन नाही म्हणून वर गरमीचा बल्ब टांगला आणि दार लावलं. काच स्वच्छ पुसली. सकाळी आलेल्या लोकांना सांगितलं, दर्शन बंद. जेवायचं असेल तर बसा.

कोणी बसलं नाही. देव कोंडून ठेवला म्हणाले. एकानं घराला शाप लागेल असं सांगितलं, मावशी तर रडायलाच लागली.

"आता खायचं काय आपन?" आमचे हे म्हणाले. ह्यांचा आवाज कधी चढत नाही, त्या दिवशी चढला. "जमलं होतं नं सगळं!"

"भेलेल्या जनावराले खिडकीत बसवून पोळ्या विकू काय मी?"

ते मच्छरदाणीचं कापड उचलून नाकतोडे आणायला निघून गेले. मेस दुसऱ्यांदा रिकामी झाली. ज्यांना तो राक्षस वाटला तेही गेले, ज्यांना देव वाटला तेही गेले. सरडा वाटणारं गावात कोणी उरलंच नव्हतं.

आणि मग तो पत्रकार पोट्टा आला. माइक पुढे धरून, दारातच उभा राहून. "काकू, लोक विचारून राह्यले, देव काऊन कोपला?"

माझ्या डोक्यात सणक गेली. त्याला दंडाला धरून आत आणला, बाकावर बसवला, मोबाइल ह्यांच्या हातात दिला. "काढा व्हिडिओ," म्हटलं. आत गेले, बुढ्याला उचलून आणलं आणि त्या पोट्ट्याच्या समोर टेबलावर ठेवलं. अजून त्यावर ताट मांडलेलं नव्हतं, आणि नंतर मी ते टेबल गरम पाण्यानं साबण लावून घासलं, तेही सांगून टाकते.

एवढे व्हिडिओ काढले, पण ह्या पोट्ट्यानं बुढ्याला जवळून कधी पाहिलंच नव्हतं. माइक हातातून सुटला. दोन्ही हात खांद्याच्या वर गेले, कोणी बंदूक रोखल्यासारखे. बुढ्यानं त्याच्याकडे पाहिलं. दाढी काळी झाली. आणि त्यानंही आपला उजवा हात वर केला.

दारात कोणीतरी फसकन हसलं. बँकेतले साहेब होते, हेल्मेट काखेत. पलीकडच्या मेसचं जेवण पोटाला बाधलं म्हणून इकडे अंदाज घ्यायला आले होते.

"बोल आता मोबाइलमध्ये," मी म्हटलं. "दोघं हात वर करून राह्यले. कोन कोनाले आशीर्वाद देऊन राह्यला?"

"काकू, उचला नं त्याले. मी भेलो."

"आन् तो कायले हात करून राह्यला?"

पोट्ट्यानं पहिल्यांदाच बुढ्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हात हळूहळू खाली आले.

"तोई भेला," तो म्हणाला.

"सांग हेच तुह्या चॅनलवर."

त्यानं ते टाकलं, हे मात्र कबूल करते. ढोल नाही, शंख नाही. फारसं कोणी पाहिलं नाही. खाली एकानं विचारलं होतं, ड्रॅगन कुठे गेला?

पण ती नंतरची गोष्ट. त्या वेळी मी बुढ्याला आत नेऊन ठेवलं, हात धुतले, टेबल घासलं. पोट्टा तसाच बसून होता, घामानं भिजलेला. मी म्हटलं, "जेवला काय?" त्यानं नाही म्हणून मान हलवली. "मंग धू हात आन् बस. साहेब, तुमीई बसा नं. दारात काऊन उभे?"

साहेबांनी आतल्या खोलीचं दार लागलंय का पाहिलं. मग हेल्मेट बाकावर ठेवून बसले. मी दोन ताटं वाढली. वाढून मी आत न जाता बाकाशेजारीच थांबले, निकालाला आलेल्या पोरीसारखी. पोट्टा खाली मान घालून जेवायला लागला. साहेबांनी वरणात पोळी बुडवली, एक घास खाल्ला, थांबले, दुसरा खाल्ला.

"काकू, रागावू नका," ते म्हणाले, "पण आज वरण जरा पातळ झालंय."

एरवी माझ्या वरणाला कोणी असं म्हटलं असतं तर त्याचा मी तिथंच उद्धार केला असता. पण कितीक दिवसांत पहिल्यांदा कोणी माझ्या वरणाची चव घेतली होती, विष म्हणून नाही, प्रसाद म्हणूनही नाही.

"झालं खरं पातळ," मी म्हटलं. वाटी उचलून आत गेले, वरण पुन्हा चुलीवर ठेवलं, आणि ते आटेपर्यंत पदर डोळ्यांना लावून तिथेच उभी राहिले.